हरवलेल्या माणसाचा पत्ता
(लासूर स्टेशन येथील भाषण)



लासूर नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. एक जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, एक अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात आणि एक हे, गंगापूर तालुक्यातले. मनोरुग्णालयातील एखाद्या वृद्धाने आपले गाव ‘लासूर’ म्हणून सांगितले आणि कारकुनाने तेवढेच टिपून घेतले, तर चौकशीचे पत्र भलत्याच जिल्ह्यात जाते. ‘स्टेशन’ हा शब्द पुढे जोडला गेला, तर तोच माणूस घरी पोहोचू शकतो.

येथून गाडीत बसलेला माणूस मनमाडला उतरला की मुंबईपासून दिल्लीपर्यंत सर्व वाटा त्याला मोकळ्या होतात. भान हरपलेल्या माणसालाही त्या मोकळ्याच असतात. राज्याची जुनी चार शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. शेतमजुराने तेथे भेटीस जायचे म्हणजे रोजगार बुडवायचा आणि गाडीभाड्यासाठी उसनवारी करायची. भेटी थांबतात, पत्ते बदलतात, आणि ‘नातलगांनी टाकले’ असा शेरा कायम होतो. काही घरांनी खरोखरच टाकले, जमिनीच्या वाटणीत एक वारस कमी झालेला काहींना सोयीचा वाटला, हेही लपवून चालणार नाही. पण दारिद्र्याने तुटलेल्या नात्याला निष्ठुरपणा म्हणणे हा अन्यायच होय.

१९१२ च्या कायद्याने अशा माणसाला ‘वेडा’ ठरवून मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने कोंडले. तो कायदा १९८७ च्या कायद्याने गेला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र स्पष्ट सांगतो की, कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही संस्थेत ठेवता येणार नाही. बेघर, भटकणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांचा शोध घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. डॉ. भरत व स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली स्थापलेल्या ‘श्रद्धा’ संस्थेने रस्त्यावरच्या रुग्णांवर उपचार करून, त्यांच्या तुटक आठवणींवरून गावे शोधून त्यांना घरी पोहोचवले. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे एका संस्थेला साधले, ते शासनाला अशक्य कसे?

कार्यकर्त्याचे काम येथूनच सुरू होते. घरच्यांकडून वडिलांचे नाव, टोपणनाव, जुना फोटो घ्यावा. स्त्री असेल तर माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे. १९४८ पूर्वीचा कागद उर्दूत असू शकतो, तो वाचून घ्यावा. पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार नोंदवून चारही रुग्णालयांना लेखी विचारावे. माणूस हयात नसेल, तर मृत्यूची तारीख तरी मागावी. ती कळल्याशिवाय घरातील वाट पाहणे संपत नाही.

माणूस सापडला, तर घरी यायचे की नाही हे प्रथम त्यालाच विचारावे. आला, तर त्याची औषधे चुकणार नाहीत हे गावाने पाहावे. औषध तुटले की पुन्हा तीच गाडी आणि तेच मनमाड. आणि सातबाऱ्यावर त्याचा हक्क असेल, तर तेथे त्याचे नाव परत लागले पाहिजे. त्याशिवाय तो घरी आला, असे म्हणता येणार नाही.