आई कीं बाप?

१९८६ सालीं अमेरिकेंतील डॅलस शहरीं भरलेल्या संगणक-चित्रकारांच्या परिषदेंत जॉन लॅसेटर यांचा ‘लक्सो ज्युनियर’ हा सुमारें दोन मिनिटांचा, संगणकानें रेखिलेला चित्रपट दाखविण्यांत आला. त्यांत पात्रें दोनच : मेजावरील एक मोठा दिवा व एक लहान. लहानगा चेंडूवर उड्या मारतो, चेंडू फुटतो, आणि तो खजील होऊन मान खालीं घालतो. चित्रपट संपण्यापूर्वींच टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर जिम ब्लिन हे नामांकित शास्त्रज्ञ जवळ आले. ते सावल्यांच्या गणिताविषयीं विचारतील, अशी लॅसेटर यांची अपेक्षा. पण ब्लिन यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं मोठा दिवा आई कीं बाप! गणिताच्या जाणकारालाही गणिताचा विसर पडावा, हीच त्या कलेची खरी कसोटी होय.