गड्याचा गळा दाटतो तेव्हा



मी लालबागच्या चाळीत वाढले. परवा माझा भाचा म्हणाला, "मावशी, हे ऐक गं." रॅप होतं. रॅप म्हणजे ठेक्यावर भराभर बोलत जाणं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गरीब वस्त्यांतून ते आलं. मला वाटलं, नुसता आरडाओरडा असेल. पण बोलता बोलता तो गाणारा थांबला आणि आईच्या आठवणीनं सुरात गाऊ लागला. बोलताना राग होता, सूर लागला तसा आवाज ओला झाला. भाच्यानं हळूच तोंड फिरवलं.

मला शाहीर अण्णाभाऊ साठे आठवले. वाटेगावहून मुंबईला आलेला हा माणूस गिरणीतही राबला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड गाजली. मुंबईतला गडी गावच्या बायकोसाठी झुरतो आणि पुढे तीच मैना बेळगाव-कारवारचा मुलूख होते. गाणं लढ्याचं, पण सुरुवात विरहाची. तेव्हा परळ-लालबागच्या कितीतरी कामगारांची बायकामुलं गावीच असायची. खानावळीत जेवायचं आणि गावी मनिऑर्डर धाडायची. मनिऑर्डरीत न मावणारं दुःख शाहिरानं चारचौघांत गायलं. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. माझे वडीलही त्यांत होते. पुढं काम गेलं, तसं त्यांचं बोलणंही गेलं. भिंतीकडं बघत बसायचे. आम्हीही विचारलं नाही. बापाला काय विचारायचं, असं वाटायचं. ती चुकामूक अजून सलते.

आपल्या आज्या जात्यावर बसून सासर-माहेरचं दुःख ओवीत घालायच्या. पीठ पडायचं, मनही हलकं व्हायचं. गड्यांना असं जातं कुठं होतं?

म्हणून सांगते, पोरगा कानात गाणं घालून बसला, तर लगेच ओरडू नका. "मलाही ऐकव," म्हणा. गाणं संपलं की थोडं गप्प बसा. त्याला बोलायचं असेल, तर तो बोलेल. आणि डोळे भरून आले, तर "बाईसारखा काय रडतोस" एवढं मात्र म्हणू नका.