सरड्याचे छायाचित्र आणि धीराचा धडा

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेल्या भाषणावरून)



सरडा दिसला की आपल्या हाताला आपसूक दगड सापडतो. लहानपणी मीही असे दगड मारले आहेत. आज त्याच सरड्यापुढे कॅमेरा घेऊन पोटावर कसे पडावे, याविषयी चार शब्द सांगणार आहे.

सातारा जिल्ह्यात ठोसेघरजवळ चाळकेवाडीचे पठार आहे. तेथे मातकट रंगाचा एक लहानसा सरडा राहतो. पावसाळ्यापूर्वी नर दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उलगडतो, तेव्हा निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग उन्हात झळकतात. मादीला आकर्षित करायचे आणि दुसऱ्या नराला आपली हद्द दाखवायची, ही त्या पंख्याची कामे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली आणि तिला ‘सारडा सुपर्बा’ असे नाव दिले. त्यातला पहिला शब्द आपल्या मराठी ‘सरडा’वरूनच घेतला आहे!

एका मे महिन्यात आम्ही नववीची मुले घेऊन तेथे गेलो. मी कॅमेरा घेऊन या दगडावरून त्या दगडाकडे धावत सुटलो. दोन तासांत पदरात पडले ते शेपटीचे टोक! एक विद्यार्थिनी मात्र एका दगडापासून पाच-सहा हातांवर मुकाट्याने बसून राहिली. नर परत त्याच दगडावर आला. मी पुढे सरकू लागताच तिने ओठांवर बोट ठेवून मला थांबवले. त्या दिवशी शिक्षक ती होती व विद्यार्थी मी.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. सरडा कोणत्या दगडावर पुन्हा पुन्हा येतो, ते आधी दुरून पाहावे. मग वाकून, थांबत थांबत, तिरप्या वाटेने जावे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. शेवटी जमिनीवर पालथे पडून कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा आणि डोळाच स्पष्ट टिपावा. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असल्यास अंतर राखता येते. दगड उलटू नये, सरड्याला हात लावू नये. तो मान वळवून पळण्याच्या बेतात दिसला, तर आपणच मागे सरावे.

आणखी एक गोष्ट. याच पठारावरील पवनचक्क्यांविषयीचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. पवनचक्क्यांच्या भागात ते कमी, म्हणून सरडे अधिक. तेथील सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देत, परंतु नरांच्या गळ्याचे रंग फिके होते. तेव्हा सरडा जवळ येऊ देतो, हे नेहमी आपल्या कौशल्याचे फळ नसते. कधी ते आकाशातून नाहीशा झालेल्या पक्ष्यांचे चिन्ह असते.

म्हणून, मित्रांनो, चित्र किती जवळून आले हे नंतर पाहा. आपण उठून आल्यावर सरडा त्याच दगडावर राहिला का, हे आधी पाहा.

त्या मुलीने काढलेले चित्र आज आमच्या वर्गात लावले आहे. आता कुंपणावर सरडा दिसला की मुले मला हाक मारतात. त्यांच्या हातात दगड नसतो, याचे मला समाधान आहे.