जोन्सटाउन: परतीची वाट

दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात, दाट जंगलात वसवलेल्या जोन्सटाउन या वसाहतीत १८ नोव्हेंबर १९७८ रोजी ९०९ माणसे मेली, बहुतेक सायनाइड कालवलेल्या सरबताने. ‘इतकी माणसे इतकी भोळी कशी?’ असे तेव्हापासून विचारले जाते. हा प्रश्न मृतांवर अन्याय करणारा आहे. ही माणसे मरायला गेली नव्हती, चांगले जगायला गेली होती. विचारायचे ते हे, की त्यांची परतीची वाट केव्हा बंद झाली?

जिम जोन्स हा अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला धर्मोपदेशक. १९५० च्या दशकात इंडियानापोलिस शहरात त्याने ‘पीपल्स टेंपल’ हा पंथ उभा केला. तिथे गोरे आणि काळे शेजारी शेजारी बसून प्रार्थना करत. त्या काळी त्या शहरात हे धाडसच होते. भुकेल्याला जेवण मिळे, वृद्धांची देखभाल होई. १९६१ मध्ये जोन्स शहराच्या मानवी हक्क आयोगाचा संचालक झाला. अणुयुद्धात जग होरपळून निघणार आणि आपण वाचलेले लोक समतेचा नवा समाज वसवणार, असे तो सांगू लागला. याच भीतीपोटी १९६५ मध्ये पंथाने कॅलिफोर्नियातल्या रेडवुड व्हॅलीत बस्तान हलवले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जोन्सचे वजन एवढे वाढले, की १९७६ मध्ये महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणावर नेमले. भोळेपणाचा ठपका ठेवायचाच, तर तो केवळ अनुयायांवर ठेवता येणार नाही.

सांगली भागात हळद साठवायला जमिनीत पेवे खणत. पेवात जातो तो माल चांगलाच असतो आणि पुढच्या दिवसांची तरतूद म्हणून जातो. पण तोंड लिंपून टाकले, की आतली हवा माणसाला मारक होते. म्हणून पेव उघडल्यावर जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. पीपल्स टेंपलमध्येही माल चांगला होता. समतेची ओढ खरी होती, माणसे कष्टाळू होती. बिघडली ती कोंडलेली हवा. हा मुद्दा निसटू नये, कारण माल आधीपासूनच सडका होता असे मानले, की तोंड लिंपणाऱ्या हाताकडे लक्षच जात नाही.

हे लिंपणे एका रात्रीत झाले नाही. आधी सभासदांनी मिळकत आणि घरेदारे पंथाला दिली, म्हणजे परत जायला घर उरले नाही. मग पंथ सोडणारा फितूर ठरू लागला, म्हणजे परत जायला तोंड उरले नाही. त्यात नेत्याची निकड मिसळली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांच्या विवेचनानुसार करिष्म्यावर उभ्या असलेल्या अधिकाराला आपली प्रचीती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. जोन्सने रोग बरे करण्याचे बनावट चमत्कार केले. चमत्कार अपुरे पडले, तेव्हा संकट अधिकाधिक जवळ आणले.

जोन्सटाउनसाठी गयानातली जमीन १९७४ पासून साफ होत होती. १९७७ मध्ये एका मासिकाने पंथातली मारहाण आणि पैशांचे व्यवहार उघड केले, तेव्हा शेकडो सभासद घाईने तिकडे गेले. तिथे पासपोर्ट काढून घेतले गेले, पत्रे तपासली गेली. ध्वनिक्षेपकावरून जोन्सचा आवाज सतत कानावर पडे. ‘व्हाइट नाइट’ नावाच्या रात्री सामूहिक मरणाची तालीम होई. सभोवती जंगल होते. पेव पुरते लिंपले गेले होते.

नातेवाइकांच्या तक्रारींवरून अमेरिकी काँग्रेसचे सदस्य लिओ रायन १७ नोव्हेंबरला तिथे पोचले. दुसऱ्या दिवशी काही रहिवासी त्यांच्याबरोबर निघाले, आणि बाहेर पडता येते हे सर्वांना दिसले. जोन्सला नेमके तेच सोसले नाही. पोर्ट कायटुमाच्या धावपट्टीवर पंथाच्या बंदूकधाऱ्यांनी रायन यांच्यासह पाच जणांना ठार केले. शेवटच्या सभेचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात क्रिस्टीन मिलर ही सभासद स्त्री मुलांना जगू द्यावे म्हणून जोन्सशी वाद घालते आणि जमाव तिला गप्प करतो. हा आवाज ऐकल्यावर सगळेच आंधळे झाले होते असे कोणी म्हणू नये.

त्याच सकाळी ११ जण सहलीचे निमित्त सांगून जंगलातून चालत निसटले. त्यांत लहान मुलेही होती. मृतांत सुमारे ३०० अल्पवयीन होते. विष आधी त्यांना देण्यात आले, आणि भोवती सशस्त्र पहारा होता. जोन्सटाउनला ‘सामूहिक आत्महत्या’ म्हणण्याची रीत पडली आहे. मुलांपुरती तरी ती साफ चूक आहे: राहायचे की निघायचे, हे त्यांना कधी कोणी विचारलेच नव्हते. त्यांचा खून झाला.