मंत्र्याला जाब कोणी विचारायचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात जॉर्ज फर्नांडिस यांच्या मंत्रिपदाच्या कारकिर्दीविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



२९ जानेवारी २०१९ रोजी जॉर्ज फर्नांडिस गेले. त्यांच्याविषयी आपल्यात आजही दोन सूर ऐकू येतात. काहींना १९७४ च्या संपाचे जॉर्जच तेवढे आठवतात; काहींना २००२ च्या लोकसभेतील जॉर्जखेरीज दुसरे काही दिसत नाही. दोन्ही जॉर्ज खरे होते. म्हणूनच त्यांच्या कारकिर्दीकडे भक्तिभावाने किंवा तिरस्काराने न पाहता हिशेबी वृत्तीने पाहणे आवश्यक आहे. चळवळीतला माणूस मंत्री झाल्यावर त्याला जाब कोणी विचारायचा, या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबातूनच मिळेल.

पूर्वपीठिका तुम्हांस ठाऊक आहे. मंगळूरहून मुंबईत आलेला, धर्मगुरू होण्याचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेला हा तरुण गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांच्या तालमीत तयार झाला. महापालिकेचे कामगार, टॅक्सीचालक, बेस्टचे कामगार यांच्या बळावर त्याने १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव केला. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात सुमारे १७ लाख कामगार उतरले. वीस दिवसांनी संप मागे घ्यावा लागला; हजारो कामगार तुरुंगात गेले, कुटुंबांना रेल्वेच्या वसाहतींतून बाहेर काढण्यात आले. पुढे आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यातील आरोपी म्हणून तुरुंगात असतानाच १९७७ साली मुझफ्फरपूरने त्यांना तीन लाखांहून अधिक मताधिक्याने लोकसभेत धाडले. बेड्या घातलेल्या हातांचे त्यांचे छायाचित्र हीच त्या निवडणुकीतील त्यांची प्रचारसभा होती.

जनता सरकारात ते उद्योगमंत्री झाले. या काळाचा विषय निघाला की कोकाकोलाचे नाव येते. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्यास कंपनी तयार नव्हती. तिने देश सोडला. त्याची टाळ्यांच्या गजरात आठवण काढली जाते. परंतु १९९३ साली ती कंपनी परत आली आणि सरकारी 'सत्त्याहत्तर' पेय केव्हाच विस्मृतीत गेले. त्याहून महत्त्वाचे काम डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणात आहे. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची संख्या १८० वरून पाचशेच्या पुढे नेण्यात आली आणि जिल्हा उद्योग केंद्रांची कल्पना मांडली गेली. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या होतकरू माणसाला परवान्यासाठी आणि कर्जासाठी राजधानीचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार होता. ती केंद्रे आजही आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. १९८९-९० च्या राष्ट्रीय आघाडी सरकारात जॉर्ज रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री होते. कोकणच्या चाकरमान्याने पिढ्यान्‌पिढ्या मागितलेल्या रेल्वेसाठी सरकारी तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर ठरलेले असे. या दोघांनी वेगळा मार्ग काढला. केंद्राचे ५१ टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या राज्यांचे उरलेले भागभांडवल घेऊन १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. बाकीचा पैसा रोख्यांतून उभारला. ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे सोपवली गेली आणि १९९८ साली रोहा ते मंगळूर गाडी धावू लागली. मंत्रिपद जनतेच्या जुन्या मागणीच्या मागे उभे राहिले की काय घडते, याचा हा पुरावा होय.

आता दुसरी बाजू. जुलै १९७९ मध्ये जॉर्जनी लोकसभेत मोरारजी सरकारचे घणाघाती समर्थन केले आणि काही दिवसांतच ते विरोधी गोटात गेले. त्या सरकारच्या पतनामागे जनसंघीयांच्या दुहेरी निष्ठेचा वाद होता. तेच जॉर्ज पुढे भाजपप्रणीत आघाडीचे निमंत्रक झाले. त्याची कारणे आहेत. १९९४ साली स्थापन केलेल्या समता पक्षाला १९९५ च्या बिहार निवडणुकीत अवघ्या सात जागा मिळाल्या. टिकाव धरायचा तर मोठा मित्र हवा होता. शिवाय ज्या काँग्रेसच्या राजवटीत आपल्या भावाचा तुरुंगात छळ झाला, तिच्याशी हातमिळवणी त्यांच्या मनाला कधीच मानवली नाही. कारणे समजून घ्यावीत. परंतु कारण म्हणजे समर्थन नव्हे.

संरक्षणमंत्री म्हणून ते वारंवार सियाचेनला गेले, जवानांमध्ये मिसळले. मार्च २००१ मध्ये तेहलकाच्या चित्रफितीत त्यांच्या सरकारी निवासस्थानी त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षा बनावट शस्त्रदलालांशी बोलताना दिसल्या. जॉर्जनी राजीनामा दिला आणि चौकशी पुरी होण्याआधीच ऑक्टोबरात ते मंत्रिमंडळात परतले. शवपेट्यांच्या खरेदीवरून त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या. पुढे सीबीआयच्या आरोपपत्रात त्यांचे नाव नव्हते. जो आरोप टिकला नाही, तो आपण उगाळू नये.

खरा आरोप पैशाचा नाहीच. एप्रिल २००२ मध्ये गुजरातच्या दंगलींवर लोकसभेत चर्चा चालू असता, स्त्रियांवर असे अत्याचार देशात प्रथमच घडत नाहीत, अशा अर्थाचे त्यांचे विधान झाले. अन्यायाविरुद्ध आयुष्य वेचलेल्या माणसाच्या तोंडून सत्तेचा बचाव निघाला. हे का घडले?

माझे उत्तर असे आहे. १९७४ साली जॉर्जना दररोज संघर्ष समितीपुढे, गँगमनपुढे, लोको कामगारांपुढे उभे राहावे लागे. १९९८ नंतर त्यांना जाब विचारणारे कोणीच उरले नव्हते. संघटना विखुरल्या होत्या आणि पक्ष त्यांच्या नावावर चालत होता. ज्याच्यामागे कामगार नसतात, त्या मंत्र्याला पंतप्रधानाच्या मर्जीवर आणि आघाडीच्या गणितावर जगावे लागते. निष्ठा हळूहळू खालच्यांकडून वरच्यांकडे सरकते आणि त्या माणसाला ते कळतही नाही.

तेव्हा यापुढे आपला कोणी साथी मंत्रिमंडळात गेला, तर त्याच्या सत्काराची घाई करू नका. दर तीन महिन्यांनी त्याला कार्यकर्त्यांच्या बैठकीत बोलवा. त्याने कोणत्या कागदावर सही केली आणि कोणत्या प्रसंगी मौन पाळले, हे विचारा. त्यासाठी आधी युनियनची वर्गणी, शाखेची बैठक आणि सभासद नोंदणी ही कंटाळवाणी कामे नेटाने करावी लागतील. ती कामे थांबली, तर पुढचा जॉर्जही असाच एकटा पडेल, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.