स्वागताध्यक्षीय भाषण : कॉस्टिकच्या टाकीपासून खताच्या गोणीपर्यंत



तेलशुद्धीकरणातील टाकाऊ पदार्थांपासून शेतीला उपयोगी उत्पादने कशी करावीत, या विषयावरची परिषद लातूरला भरावी हे उचितच आहे. मराठवाडा आणि विदर्भ हा राज्यातल्या सोयाबीनचा मुख्य पट्टा. याच लातूरला २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जिथे बी पिकते, तेल गाळले जाते आणि पाणी अपुरे पडते, तिथे गिरणीबाहेर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब सर्वांत आधी मांडायला हवा. स्वागताध्यक्षाने स्वागत करून बाजूला व्हावे हा शिरस्ता मला मान्य आहे. तरी यजमान या नात्याने एक विचार परिषदेपुढे ठेवतो. टाकाऊ पदार्थ पुढे कामाला येणार की नाही, हे आपण समजतो तसे कारखान्याच्या शेवटच्या टाकीत ठरत नाही. तेलात आपण कोणते रसायन घालतो आणि कोणता गाळ कशात मिसळू देतो, तिथेच ते ठरून गेलेले असते.

शुद्ध तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन; पिकाने ते हवा आणि पाणी यांतून घडवलेले असते. बियांबरोबर शेतातून गेलेले नत्र, स्फुरद आणि पालाश बहुतांशी पेंडीत उरते. निंबोळी, करंज आणि एरंडीची पेंड खत म्हणून घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि सरकीची ढेप खाणाऱ्या जनावरांच्या शेणातून तीच द्रव्ये रानात परततात. रिफायनरी आली आणि या व्यवहारात बाहेरची रसायने शिरली. कच्च्या सोयातेलात साधारण दीड ते अडीच टक्के फॉस्फोलिपिडे असतात. ती फॉस्फरिक आम्ल आणि पाणी वापरून गम म्हणून काढली जातात. मग मोकळी मेदाम्ले मारण्यासाठी कॉस्टिक सोडा घालतात, त्यांचा साबण होतो आणि सेंट्रिफ्यूजमधून हा साबणाचा गाळ, म्हणजे सोपस्टॉक, वेगळा निघतो. या सोपस्टॉकवर गंधकाम्ल टाकले की वर ॲसिड ऑइल तरंगते. त्याला साबणवाले गिऱ्हाईक आहेत. खाली उरते ते आम्लयुक्त पाणी, आणि त्यात विरघळलेले सोडियम सल्फेट.

खरी अडचण या सोडियमची आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, पण विरघळलेल्या मिठाला हात लावत नाहीत. पाण्याचा वास जातो, रंग निवळतो, तपासणीत सीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) खाली येतो; क्षार मात्र जिथल्या तिथे राहतात. असे पाणी आपल्या काळ्या जमिनीवर वर्षानुवर्षे सोडले तर काय होते, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट चिकणमातीला सोडियम चिकटले की मातीच्या कणांची घडण मोडते, पाणी मुरेनासे होते, वाळल्यावर ढेकळे दगडासारखी कडक होतात आणि जमीन चोपण होते. मग ती सुधारण्यासाठी जिप्सम आणि निचऱ्याच्या चरांवर खर्च करावा लागतो. आधी मीठ घालायचे आणि नंतर ते काढायला पैसे मोजायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

याला एक सरळ पर्याय आहे आणि अमेरिकेत तो १९८० च्या दशकापासून मांडला गेला आहे. कॉस्टिक सोड्याच्या जागी कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरायचे. मेदाम्लांचा साबण तसाच होतो आणि गंधकाम्लाने ॲसिड ऑइलही तसेच सुटते. पण खालच्या पाण्यात आता सोडियमऐवजी पोटॅशियम सल्फेट असते. उरलेले आम्ल चुन्याऐवजी अमोनियाने शमवले, तर त्यातून अमोनियम सल्फेट तयार होते. गममधला आणि फॉस्फरिक आम्लातला स्फुरद सोबतीला येतो. म्हणजे ज्या पाण्याची विल्हेवाट लावायची होती, त्याच पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि तेलबियांना हमखास लागणारे गंधक जमा होते. द्राक्षबागायतदार ज्याला शून्य-शून्य-पन्नास म्हणतात, ते खत म्हणजे हेच पोटॅशियम सल्फेट. त्यात क्लोराइड नसल्यामुळे फळबागांत त्याला मागणी असते.

आकडेमोडही करून पाहू. १०० टन तेलात मोकळ्या मेदाम्लांचे प्रमाण १ टक्का धरले, तर ती मारायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने सुमारे १४२ किलो कॉस्टिक सोडा लागतो. त्याच कामाला कॉस्टिक पोटॅश सुमारे २०० किलो लागते. त्यातून सुमारे ३०९ किलो पोटॅशियम सल्फेट हाती येते, म्हणजे ५० किलोच्या सहा गोण्या. यावरचा पहिला आक्षेप असा, की एवढ्याशा पालाशाने देशाची गरज भागणार नाही. खरे आहे, आणि तसा दावा कोणी करूही नये. रोज १०० टन तेल गाळणारी रिफायनरी वर्षाला ३०० दिवस चालली, तर सुमारे ९० टन खत देईल. देशाच्या मागणीपुढे हा आकडा किरकोळ आहे, पण तेवढ्याच मापाने सोडियमचे मीठ जमिनीत आणि विहिरीत जाणे थांबते, आणि खरा लाभ तो आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. कॉस्टिक पोटॅश महाग, वजनाने १.४ पट लागणारे. शिवाय देशात पालाशाच्या खाणी चालत नसल्यामुळे त्याचे मूळही परदेशातच. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. परंतु आयात केलेले पालाश आपण आजही थेट शेतात घालतोच. इथे तेच पालाश वाटेत तेल शुद्ध करते आणि मग शेतात जाते, एका खर्चात दोन कामे होतात. तुलना करताना दोन रसायनांचे भाव शेजारी मांडून भागत नाही. सांडपाण्यावरचा खर्च, क्षारयुक्त गाळ वाहून नेण्याचे भाडे आणि खताची किंमत, सगळे एकाच वहीत लिहावे लागते. तरीही एकट्या छोट्या गिरणीला हे परवडेलच असे नाही. पाणी आटवून खत करणारे सामाईक केंद्र काही गिरण्यांनी मिळून उभारावे लागेल. तिसरा आक्षेप तंत्रज्ञांचा : भौतिक शुद्धीकरण केले, म्हणजे मेदाम्ले अल्कलीऐवजी वाफेने काढली, तर सोपस्टॉक निघतच नाही, मग खताचा खटाटोप कशाला? पामतेलासारख्या कमी गमच्या तेलाला ते योग्यच आहे आणि जमेल तिथे तोच मार्ग आधी धरावा. मात्र सरकीच्या तेलातले गॉसिपॉल काढायला अल्कली लागते, आणि सोयातेलासाठीही अल्कलीची पद्धत मोठ्या प्रमाणावर चालू आहे.

एक गाळ दुसऱ्यात न मिसळण्याचा नियम ब्लीचिंग अर्थच्या, म्हणजे तेलाचा रंग काढणाऱ्या मातीच्या, बाबतीत आणखी कडक हवा. वापरलेल्या या मातीत २० ते ४० टक्के तेल अडकलेले असते. उघड्यावर ढीग लावला तर हवेशी संयोग होऊन ती आपोआप पेट घेऊ शकते. ती तशीच शेतात टाकली, तर तेलावर जगणारे जिवाणू पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. आधी तेल काढून घेतले आणि शेण वा कोंबडखतासारखा नत्राचा पुरवठा देऊन कंपोस्ट केले, तर ती उपयोगी पडते. तीही हलक्या, मुरमाड रानाला. चिकणमाती मुळातच जास्त असलेल्या भारी काळ्या जमिनीला तिचे काही काम नाही. वनस्पती तुपाच्या कारखान्यातला निकेलयुक्त गाळ मात्र यात कणभरही येता कामा नये.

शेवटचा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि सर्वांत रास्त तोच. कारखान्याचे पाणी खत म्हणून शेतात आले आणि विहिरी नासल्या, हा अनुभव मद्यार्क कारखान्यांच्या स्पेंट वॉशने, म्हणजे सांडपाण्याने, दिलेला आहे. पण त्याच धंद्याने पुढची वाटही दाखवली. स्पेंट वॉश बॉयलरमध्ये जाळून उरलेल्या राखेपासून १४.५ टक्के पालाश असलेले खत तयार होऊ लागले आणि केंद्र सरकारने २०२१ मध्ये ते पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेत घेतले. फरक पडला तो ठरलेल्या प्रमाणामुळे : टँकरमधले पाणी गेले आणि मोजून लिहिलेल्या घटकांची गोणी आली. तेलगिरण्यांनीही खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या चौकटीतच बाजारात यावे. प्रत्येक खेपेची तपासणी व्हावी आणि सोडियमचे प्रमाण गोणीवर छापलेले असावे.

म्हणून परिषदेला माझी विनंती आहे. दोन दिवसांच्या चर्चेतून निदान एवढे ठरावे, की एक गिरणी एका हंगामापुरती कॉस्टिक पोटॅशवर चालेल, तिच्या खर्चाची वही उघडी ठेवली जाईल आणि तिच्या खताची चाचणी परभणी व अकोल्याच्या कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर होईल. निकाल अनुकूल आला तर राबवू, प्रतिकूल आला तर तोही छापू. चर्चा मोकळेपणाने करा, आणि या हंगामातच कामाला हात घाला.