गाडीमागें गाडी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस वाटेल कीं, ही गोष्ट लोहाराच्या भात्यापाशीं बोलावयाची. सुशिक्षित कुटुंबाच्या दिवाणखान्यांत तिचें काय काम? परंतु आक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत पुण्याहून सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूरकडे रात्रीं मोटारीनें जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा या विषयाशीं संबंध येतो. उसानें लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर पुढें संथपणें चाललेला असतो, आणि त्याच्या व आपल्या मध्यें अंधार असतो. त्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला धरून राहतात त्या एका खिळीमुळें, आणि आपणांस दिसतात त्या एका तारेमुळें. ती खीळ आणि ती तार, या दोहोंविषयीं मी आज बोलणार आहें. आपलीं कांहीं मुलें अमेरिकेंत व विलायतेंत घर बदलतांना मोटारीमागें भाड्याचा ट्रेलर जोडतात. त्यांनाहि यांतील कांहीं भाग उपयोगी पडावा.

प्रथम ओझ्याचा विचार करूं. ज्यानें बैलगाडी हाकली आहे, त्याला ‘धुरजड’ आणि ‘उलाळ’ हे शब्द समजावून द्यावे लागत नाहींत. ओझें पुढें अधिक झालें कीं गाडी धुरजड होते आणि जूं बैलांच्या मानेवर रुततें. ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या गळ्यांतलीं जोतीं आवळतात. म्हणून शहाणा गाडीवान गाडी भरतांना ती किंचित् धुरजड ठेवतो. मोटारीमागील ट्रेलरला हाच न्याय लागू आहे. अमेरिकेंत असा दंडक आहे कीं, मालासकट ट्रेलरचें जें वजन होईल, त्याचा १० ते १५ टक्के भार जोडावर पडावा. ट्रेलर ६०० किलोंचा असेल, तर हा भार ६० ते ९० किलो झाला. तो कमी पडल्यास ट्रेलर वेगांत डावी-उजवीकडे झुलूं लागतो आणि तो झोल वाढत जाऊन मोटारीलाच रस्त्याबाहेर ओढतो. अधिक पडल्यास मोटारीचें मागचें अंग बसतें, पुढचीं चाकें हलकीं होतात आणि सुकाणूं ऐकेनासें होतें. युरोपांतील मोटारींना हा भार सोसण्याची मर्यादा बहुधा कमी असते. तेथें मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकांतील आंकडा प्रमाण मानावा. झोल सुरू झालाच, तर सुकाणूं सरळ धरून वेग हळूहळू उतरूं द्यावा. घाबरून एकदम ब्रेक दाबला तर झोल वाढतो.

आतां प्रत्यक्ष जोडाकडे वळूं. परदेशांत मोटारीच्या मागें पोलादी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांडीस वाटी असते. वाटी गोळ्यावर बसवून खालून कुलूपबंद करावयाची. युरोपांत व ऑस्ट्रेलियांत गोळ्याचा व्यास साधारणतः ५० मिलिमीटर असतो. अमेरिकेंत मात्र १⅞ इंच, २ इंच व २ ५/१६ इंच अशीं तीन मापें प्रचारांत आहेत, आणि धोका येथेंच आहे. दोन इंची वाटी लहान गोळ्यावर ठेवली तरी ती बसल्यासारखी दिसते, कडीहि लागते. पुढें रस्त्यांत खांच आली कीं वाटी गोळ्यावरून उडते. यासाठीं दोन्ही अंगांवर कोरलेलीं मापें वाचून पाहावीं. जोड लागल्यावर ट्रेलरची दांडी जॅकनें थोडी वर उचलावी. मोटारीचें मागचें अंग तिच्याबरोबर वर आलें, तर जोड खरा. वाटी एकटीच वर आली, तर खोटा. याशिवाय, गोळा, दांडा, वाटी व मोटार यांपैकीं प्रत्येकावर किती वजन ओढावें याचा आंकडा दिलेला असतो. अमेरिकेंत पहिल्या वर्गाचा जोड २,००० पौंडांपर्यंत आणि दुसऱ्या वर्गाचा ३,५०० पौंडांपर्यंत मानतात. परंतु मोठा जोड बसविला म्हणून लहान मोटारीची शक्ति वाढत नाहीं. चारांपैकीं जो आंकडा सर्वांत लहान, तोच आपली मर्यादा. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींस छेद देऊन लावतात, त्यांचाहि हेतु असा कीं, जोड सुटलाच तर दांडी जमिनींत न रुततां साखळ्यांच्या झोळींत पडावी.

आपल्याकडील ट्रॅक्टरचा जोड याहून साधा. मागच्या पट्टीच्या भोकांत ट्रॉलीच्या दांडीचें कडें अडकवून वरून जाड खीळ घालतात. हा जोड मजबूत खरा, पण त्याला दोन पथ्यें आहेत. पहिलें पथ्य खिळीचें. ती मापाची असावी आणि तिच्या खालच्या टोकास सुटूं न देणारी चाप असावी. हातीं लागलेली सळई घालून वर तार गुंडाळणें म्हणजे दैवावर भार टाकणें होय. दर धक्क्याबरोबर भोंक झिजून लांबट होत जातें. जोड खडखडूं लागला, म्हणजे झीज झाली असें समजावें. दुसरें पथ्य उंचीचें. दांडी मागच्या आंसापेक्षां उंच जागीं जोडली आणि ओझें अडलें, तर ट्रॅक्टरचें तोंड वर उठून तो मागें उलटूं शकतो. नांगर खडकांत अडकून ट्रॅक्टर उलटण्याच्या या संकटाचा विचार आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनीं पुष्कळ केला. १९३६ सालीं बाजारांत आलेल्या त्यांच्या ट्रॅक्टरला तीन ठिकाणीं धरणारा जो जोड होता, तोच पुढें जगभर रूढ झाला. ट्रॉलीची दांडी मात्र खालच्या पट्टीलाच जोडावी.

आतां तारेकडे येऊं. युरोपीय पद्धतीच्या बारा व्होल्टच्या प्लगांत सात खुंट्या असतात. पहिली पिवळी, डाव्या वळणाच्या इशाऱ्याची. दुसरी निळी, धुक्यांतील दिव्याची. तिसरी पांढरी, परतीची. चौथी हिरवी, उजव्या इशाऱ्याची. पांचवी तपकिरी, उजव्या मागच्या दिव्याची. सहावी तांबडी, ब्रेकच्या दिव्यांची. आणि सातवी काळी, डाव्या मागच्या दिव्याची. अमेरिकेंतील लहान ट्रेलरांस चारच तारा असतात. तेथें पांढरी परतीची, तपकिरी मागच्या सर्व दिव्यांची, आणि पिवळी व हिरवी या वळणाचा इशारा व ब्रेक हीं दोन्ही कामें एकाच दिव्याकडून करवून घेणाऱ्या. रंग तेच, पण कामें निराळीं! म्हणून एका देशाची मोटार व दुसऱ्या देशाचा ट्रेलर असतां नुसता रंगास रंग जोडून भागत नाहीं. मध्यें संकेत बदलणारी पेटी बसवावी लागते. आपल्याकडील गांवच्या कारागिरानें जोडलेल्या ट्रॉलीवर तर रंगाचा भरंवसा धरूंच नये. परीक्षेचा दिवा लावून एकेक तार तपासावी.

या सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें परतीच्या तारेकडे. वीज दिव्यापर्यंत गेली म्हणजे काम झालें असें नाहीं. तिला बॅटरीकडे परत जावयास वाट लागते. हिशेब करून पाहा. ब्रेकचे दोन दिवे प्रत्येकीं २१ वॅट, मागचे दोन प्रत्येकीं ५ वॅट, आणि वळणाचा एक २१ वॅट, मिळून ७३ वॅट. बारा व्होल्टांवर हा प्रवाह सुमारे ६ अँपिअर झाला, आणि तो सर्व एकट्या परतीच्या तारेंतून जातो. तिच्या टोकाशीं गंज चढून अवघा अर्धा ओहम अवरोध वाढला, तरी दिव्यांस सुमारे साडेनऊ व्होल्टच मिळतात, आणि तेवढ्यानें उजेड निम्म्यावर येतो. मागें दुसरी ट्रॉली असेल, तर पहिलीच्या परतीच्या तारेवर दोहोंचा भार पडतो. ही वाट पुरतीच तुटली, तर वीज दुसऱ्या दिव्यांतून आडवाट काढते. ब्रेक दाबावा तों वळणाचा दिवा मिणमिणतो. असें दिसतांच दिवा बदलण्याच्या खटपटींत न पडतां आधीं परतीची तार पाहावी. ती सर्वांत जाड असावी आणि जोडाच्या लोखंडावर विसंबूं नये.

माझा एक जुना विद्यार्थी ट्रॉल्या बांधण्याचा धंदा करतो. त्याला मीं विचारलें, “अरे, तुमच्या ट्रॉल्यांना दिवे कां नसतात?” तो म्हणाला, “गुरुजी, दिवे मी देतों. पण पहिल्याच खेपेंत उसाची टिपरी तार ओढून नेते, आणि दिवा शाबूत राहिला तरी मागें लोंबणाऱ्या उसाखालीं झांकून जातो.” पुढें त्यानें स्वतःच उपाय काढला. तारा त्यानें सांगाड्याच्या लोखंडी नळींतून नेल्या. जोडापाशीं मात्र त्यांना थोडी ढील ठेवली, इतकीच कीं वळतांना ताण बसूं नये आणि जमिनीवर घासूंहि नये. सॉकेटचें झांकण खालच्या अंगास उघडेल असें बसविलें, म्हणजे धूळपाणी आंत सांचत नाहीं. आणि मागचा दिवा उसाच्या टोकाला अडकवितां येईल अशा लांब तारेवर दिला. यांत मोठी विद्या नाहीं. पण मनांत आणावें लागतें.

मनांत कां आणावें, हें एका गणितानें सांगतों. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत २२ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईतों दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. पुढें कोरड्या रस्त्यावर मोटार थांबेपर्यंत आणखी ३५ मीटर. एकूण ६८ मीटर झाले. मोटारीचे दिवे खालीं केलेले असतां, चाक पंक्चर होऊन रस्त्यांत उभी असलेली बिनदिव्याची मळकट ट्रॉली सुमारे ५० मीटरांच्या अलीकडे आल्यावरच दिसते. उरलेल्या १८ मीटरांत काय होतें, तें वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतें. तांबड्या परावर्तक पट्ट्यांना वीज लागत नाहीं, आणि त्या याच्या कितीतरी आधीं चमकतात. हंगामाच्या आरंभीं अनेक ठिकाणीं साखर कारखाने व परिवहन खातें त्या लावून देतात. पण चिखल पुसला नाहीं तर त्याहि आंधळ्या होतात.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. त्या ट्रॉलींतून नेहमीं नुसता ऊस जात नाहीं. हंगामाच्या आधीं व नंतर बीडकडचीं ऊसतोड करणारीं कुटुंबें आपला संसार, भांडींकुंडीं आणि लहान मुलें घेऊन त्याच ट्रॉल्यांवर बसून प्रवास करतात. जी खीळ उसाचें ओझें सांभाळते, तिच्यावरच त्यांचा जीव असतो.

आपणांपैकीं ज्यांची गांवीं शेती आहे, त्यांनीं ऊस भरूं देण्यापूर्वीं एकदां खीळ, चाप, प्लग व मागचे दिवे पाहावे. ज्यांची शेती नाहीं, त्यांनीं चहाच्या टपरीवर उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली दिसली, तर चालकास हळूच सांगावें, “दादा, मागचा दिवा लागत नाहीं.” रागावून सांगूं नये, तो बिचारा रात्रंदिवस जागलेला असतो. आणि मोटारीमागें ट्रेलर जोडणाऱ्या मुलांना पत्र किंवा फोन कराल, तेव्हां इतकेंच विचारावें कीं, निघण्यापूर्वीं घरांतील कोणी मागें उभें राहून दिवे पाहिले ना?